मिठाची वाटी

९ एप्रिल, बुधवार

सुनंदा, तुझं डोकं दुखायचं थांबलं का? राजूच्या कंबरेला आराम आहे ना? सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का, की अजून काळा चष्मा आहे? आयुषचा खोकला कसा आहे? त्याला अडुळशाचा काढा देत जा, वरून मधाचं बोट.

बस. याच्यापुढे हात चालत नाही. पत्र कागदावर उतरवायच्या आधी या वहीत लिहून पाहते, चुका कमी होतात. ही चौथी वेळ. चारही वेळा आयुषच्या खोकल्यापाशीच अडले.

शाळा सकाळची झाली. पोरांची खिचडी मला साडेनवाला उतरवावी लागते. चौथीची परीक्षा सुरू. सरांनी हजेरी घेतली. पोट्टे आपापला नंबर ओरडतात. पाच म्हणून झालं की जरासे थांबतात, मग सात. कोणी शिकवलं नाही त्यांना. सहा नंबर सुनंदाच्या पोरीचा, प्र.चा. (पूर्ण नाव लिहायचा धीर अजून नाही.) भादव्यात बोडीत, गावच्या तळ्यात, बुडून गेली. सात महिने झाले.

मी शेगडीजवळ बसून पाच आणि सातच्या मधलं ऐकत राहते.

१२ एप्रिल, शनिवार

सुनंदाचा नागपूरहून फोन. पोरगी गेल्यावर घरदार तिकडेच गेलं.

"मावशी, परीक्षा चालू असंल ना? माही पोरगी पाचवीत गेली असती औंदा."

"हो ना वं माय."

"त्या दिवशी मी तिले दोन धपाटे देल्ले. वेणी घालू देत नव्हती. रुसली, म्हणून तिकडं बोडीवर गेली कमळं तोडाले. माह्या हातानं गेली, मावशी."

मी म्हटलं, "भात झाला का तुझा?"

भात झाला का! फोन ठेवल्यावर उंबऱ्यातच बसून राहिले. तांदूळ निवडायला घेतला होता, त्यातले खडे कोणते अन् दाणे कोणते, दिसेनात.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गावभर निळे झेंडे, पोट्टे पांढऱ्या कपड्यांत. विहारामागे मोठ्या गंजात मसालेभात. बायांनी मलाच बोलावलं, "मावशी, मीठ पाहून सांग वं, तुह्या जिभेवर भरोसा हाय."

म्हटलं, तोंड आलं आहे.

खोटं. त्या दिवसापासून मी मीठ चाखून पाहत नाही. मुठीच्या अंदाजानं टाकते. शाळेतही.

१६ एप्रिल, बुधवार

लिहूनच टाकते. वही कोणाला बोलणार आहे?

त्या दिवशी खिचडी शिजत आली अन् मिठाचा डबा उघडला तर रिकामा. आदल्या दिवशीच संपलं होतं, मी विसरले. प्र. दारात ताटं मोजत होती. मधली सुट्टी व्हायच्या आधी पाणी प्यायच्या नावानं यायची अन् ताटं मोजायची, तिचा तो छंद. मी शाळेची स्टीलची वाटी तिच्या हातात दिली. "जा माय, माह्या घरून वाटीभर मीठ आण. नुसती कडी लावली हाय." माझं घर बोडीच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, गेलं की पाच मिनिटं. पाळ ओली होती. मला ठाऊक होतं ती ओली आहे.

ती आली नाही. वाटलं, भेटल्या असतील पोरी, लागली असेल खेळायला. फिक्कीच खिचडी वाढली. पोरांच्या आधी चाखून चवीच्या रजिस्टरात लिहावं लागतं, तिथं मी लिहिलं, "चव चांगली". सरांनी न चाखता सही केली. घाईत होते बिचारे.

दुपारी बोडीत सापडली. सगळे म्हणाले, कमळांसाठी गेली असणार, भारी उनाड पोट्टी. मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

घरी आले तर मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं. म्हणजे पडली ती जाताना नाही. येताना.

१९ एप्रिल, शनिवार

पेपर संपले. आज पंजे. दरवर्षी चौथीचे पोट्टे शाळा सोडताना स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर गेरूचा पंजा उठवतात, खाली नाव. जुन्या गावापासूनची रीत, या नव्या गावातही चालू. जुन्या गावची शाळा धरणाच्या पाण्यात गेली, तिथल्या भिंतीवर आमच्याही पोरांचे पंजे होते.

गेरू मी कालवते. औंदा नऊजण. साक्षीनं पंजा उठवला अन् तिच्या शेजारी वेदांत हात टेकवायला गेला, तर पोरगी ओरडली, "तिथं नाही! ते प्र.ची जागा हाय." वेदांत मुकाट सरकला. सर पाठ फिरवून चष्मा पुसत राहिले.

मग साक्षी मला विचारते, "मावशी, तिचा हात केवढा होता वं?"

वाटी धरायला पुढे केला होता एवढा. मी म्हटलं, "तुह्यापेक्षा लहान."

जागा तशीच कोरी. खिचडी ढवळताना नेमकी माझ्या डोळ्यांसमोर येते.

२३ एप्रिल, बुधवार

सरांनी पोरांना सकाळी सकाळी फिरायला नेलं. पक्षी मोजा, झाडांची नावं लिहा. बोडी आटली आहे, मधोमध डबकं उरलं, बाकी भेगाळलेला चिखल.

परत आले ते ओरडतच. "मावशी, तुमची वाटी सापडली!"

वेदांतच्या हातात. काळी पडलेली, आत चिखल वाळून घट्ट बसलेला. बुडाशी खिळ्यानं शाळेचं नाव, मीच कोरलेलं.

सर म्हणाले, "शाळेची वाटी तिकडं कशी गेली हो मावशी?"

"कुत्र्यानं नेली असंल, सर," वेदांत म्हणाला. सगळे हसले.

साक्षी हसली नाही.

राखेनं घासली. तीनदा घासली. मग बोट फिरवलं आत अन् जिभेला लावलं. काय शोधत होते मी? मीठ पाण्यात किती टिकतं?

२६ एप्रिल, शनिवार

चौथीचा निरोप. पताका, फुगे, मी गोड बुंदी केली. एकेकानं उठून आठवण सांगायची. वेदांतनं सरांची नक्कल केली, सरच सगळ्यांत जास्त हसले. साक्षी उभी राहिली. "मले मावशीची खिचडी आवडते. एकच दिवस फिक्की होती."

टाळ्या. मी बुंदीचं पातेलं उचलून आत गेले.

नंतर भांडी घासत होते तर येऊन उभी राहिली. फडक्यानं ताटं पुसू लागली.

"मावशी, त्या दिवशी ते मले भेटली होती. म्हणे, मावशीनं काम सांगतलं, आत्ता येतो."

माझा नळ चालूच.

"तुम्ही कोणाले सांगतलं नाही, म्हणून मीबी नाही सांगतलं. मायलेबी नाही."

"काहून वं?"

"तुमाले काढून टाकलं असतं ना शाळेतून."

नऊ वर्षांची पोरगी. सात महिने. वर्गात पाच नंतर थांबायचं तिनंच सुरू केलं असेल का? विचारलं नाही. तिचा हात धरला, ओला झाला तिचा हात. म्हटलं, "आता तू नको ठेवू पोटात. मी सांगतो." तिनं मान हलवली. जूनपासून ती पवनीच्या शाळेत जाणार, बसनं. हे तिच्या दप्तरात नको जायला.

२९ एप्रिल, मंगळवार

सरांना सांगितलं. चवीचं रजिस्टर उघडून ते पान पुढे ठेवलं. सर खाली बसले. आपल्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "सही तर माझीपण आहे, मावशी." मग म्हणाले, "आधी तिच्या आईला सांगा."

म्हटलं, फोनवर होणार नाही माझ्यानं. फोनवर मी भाताचंच विचारते.

१ मे, गुरुवार

निकाल. झेंडा झाला, नऊजण पास. सरांनी नंबरानं हाका मारल्या. पाच. मग सगळे थांबले, सरही थांबले. मग सात.

सर अकराच्या बसनं जातात, नागपूरवरूनच घरी जाणार. कागद त्यांच्या हाती द्यायचा आहे. वाटी समोर ठेवून लिहिते. आधी इथं.

सुनंदा, तुझं डोकं कसं आहे? राजूची कंबर? सासूबाईंना आता दिसतं का? आयुषचा खोकला गेला का? मी बरी आहे, असं लिहिणार होते.

तुझी प्रणाली रुसून गेली नव्हती. कमळांसाठीही नाही. तुझ्या धपाट्यांनी नाही, माय. मी तिला मीठ आणायला माझ्या घरी पाठवलं होतं, मधल्या सुट्टीआधी, ओल्या पाळीवरून. ती गेली, मीठ घेतलं, अन् परत येत होती. सांगितलेलं काम करत होती तुझी पोरगी. मी गप्प राहिले, अन् तू स्वतःला मारत राहिलीस.

भिंतीवर साक्षीच्या शेजारी तिची जागा ठेवली आहे. पाहायला येशील तर मी असेन, नको असेन तर नसेन. वाटी माझ्याजवळ आहे, ती तुझी.

सुनंदा, शिव्या दे, काहीही लिही, पण लवकर लिहून पाठव. नसेल लिहवत तर कोरा कागद पाठव. मी रोज टपालवाल्याच्या वेळेला शाळेच्या दारात उभी राहीन.