सगळे प्रमुख आणि चालू नळ

धाकट्या जाऊबाईस,

थोरलीचे आशीर्वाद. नको असले तरी ठेवून घे, दिलेली वस्तू मी परत घेत नाही. इकडे सगळं ठीक. गुडघे दुखतात, पण दुसरं काही काम नाही त्यांना. तुझं पत्र पोचलं. सून चांगली आहे, खोली हवेशीर आहे, कशाला हात लावू देत नाहीत, सगळं आयतं मिळतं, असं लिहिलंस. चार पानं झाली आणि एकही तक्रार नाही. (आपण दोघींनी एका ओट्यापाशी जन्म काढला. मीठ कमी पडलं तर दुपारपर्यंत तुझं तोंड चालायचं.) तेव्हा तुझं काही बरं चाललेलं नाही, हे मला कळलं. औषध घे म्हणत नाही. पुढचं वाच.

आमच्या गल्लीच्या टोकाला, इस्त्रीच्या दुकानाला लागून एक मोकळी जागा आहे. तिथे आम्ही काही जण मिळून भाजी लावतो. ज्याला यायचं त्याने यावं, राबावं, निघेल ते वाटून घ्यावं. हे सुरू केलं मास्तरीणबाईंनी. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निघाली नाही. बी कुठलं, वाफा कुठे, पाणी कधी, सगळं त्या ठरवणार आणि आम्ही माना डोलावणार. मला ते सोयीचं होतं. आयुष्यभर घरादाराला 'हे कर, ते कर' सांगून तोंड दुखलं. आता कुणीतरी मला सांगावं, इथलं उपटा, आणि मी मुकाट उपटावं, यासारखं सुख नाही.

ते सुख गाजरांनी घालवलं. एका सकाळी गेले तर बाई वाफ्यात बसून मन लावून तण काढत होत्या. शेजारी कंडक्टर (नोकरी संपली, शिट्टी अजून गळ्यात आहे) आणि शिंपीण हात बांधून उभे. बघते तर बाईंनी गाजराची कोवळी रोपं ओळीनं उपटून ढीग लावलेला, आणि गवत मात्र जावयासारखं जपलेलं. त्या दोघांना दिसत होतं बरं का. कंडक्टर माझ्या कानाशी लागला, "बाईंची काहीतरी नवी पद्धत असेल." मला कुठली पद्धत कळणार! तिसरीतच माझी शाळा सुटली. मी म्हटलं, "बाई, गाजरं उपटलीत आणि गवत ठेवलंत." त्यांनी एक रोप डोळ्यांशी नेलं, मग नाकाशी नेऊन हुंगलं. हात धुतले, चपला घालायला गेल्या आणि कंडक्टरच्या घातल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळे अधू झाले होते गं. मोठेपणापायी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आमच्या माना डोलावण्यापायी ते कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की त्या लेकीकडे चालल्या, कायमच्या. डॉक्टरांनी हात टेकले. जाण्याआधी प्रत्येकाने एकेक कारभार अंगावर घ्यायचा. कंडक्टर पाण्याचा प्रमुख, शिंपीण बियाण्यांची, मी तणाची. (जे कुणालाच नको त्याची मी प्रमुख. सासरी तरी दुसरं काय वाट्याला आलं होतं?) आणि प्रमुखाने सगळं स्वतः करायचं नसतं, दुसऱ्याकडून करवून घ्यायचं असतं, असं बाईंनी समजावलं. स्वतः जन्मात तशा वागल्या नाहीत, पण शिकवलं छान.

आम्ही ते फारच मनावर घेतलं. कंडक्टरने पाइप वाफ्यात टाकला, नळ सोडला आणि शिंपिणीला म्हणाला, "धरा." ती म्हणाली, "मी बियाण्यांची आहे. आधी तुम्ही बी टाका." मी दोघांना म्हटलं, त्याच्याही आधी गवत उपटा. कंडक्टरने शिट्टी मारली. कुणी पुढे सरकलं नाही. तुला सांगते, तिघांपैकी कुणी एक शब्द चुकीचा बोललं नाही. प्रत्येकाचं म्हणणं बिनतोड, आणि पाणी आपलं वाहतंय. सगळेच पाटील झाले तर नांगर कोण धरणार? शेवटी इस्त्रीवाला आला. डोक्यावर लोकांच्या कपड्यांचं गाठोडं, आणि स्वतः गुडघ्यापर्यंत भिजलेला. दुकानात घोट्याएवढं पाणी शिरलेलं. शिवी दिली नाही, काही नाही. सरळ चालत आला आणि नळ बंद केला. कुठल्याही पदावर नसताना!

मग आम्ही तिन्ही प्रमुख दुपारभर त्याच्या दुकानातलं पाणी डब्यांनी उपसत होतो. चिखल लागलेले सदरे मी घरी आणून धुतले. बाई पायरीवर बसून होत्या. नीट दिसत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं. संध्याकाळी मला जवळ बोलावलं आणि फाटकाची किल्ली पुढे केली. म्हणाल्या, "आजी, सगळी बाग तुम्हीच बघा. माझं चुकलं ते तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही एकट्या." मी विचारलं, "आणि माझं चुकेल तेव्हा?" बाईंनी किल्ली माझ्या तळहातावर टेकवली आणि पायाने चपला चाचपायला लागल्या.

मी किल्ली घेतली, पण नुसती ठेवायला. हो की नाही ते महिनाअखेर, बाई जायच्या आत सांगायचं आहे. नाही म्हटलं तर किल्ली जागेच्या मालकाकडे जाणार, आणि त्याला तिथे विटा रचायच्या आहेत. काम मला जड नाही. पण किल्ली हातात आल्यापासून ही दोघं माझ्याकडेही तशीच बघायला लागलीत. परवा मी मुद्दाम म्हटलं, यंदा टोमॅटोची रोपं उलटी लावू, मुळं वर. शिंपीण म्हणाली, "आजी म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असेल," आणि खरंच खाली बसली लावायला! कंडक्टर खड्डा उकरायला लागला. अगं, मला हसू नाही आलं. भीती वाटली. डोळ्यांचं, कानांचं नाहीतर अकलेचं, माझंही काहीतरी होणारच आहे. माणसं चांगली आहेत, मान देतात. त्या मानापायीच एक दिवस मी सगळं उजाड करून बसेन आणि ही म्हणतील, वा आजी.

असो. तू सुखात आहेस, तिथेच राहा. मला काही नको. सुनेला आशीर्वाद सांग. चांगली आहे असं तू लिहिलंस, त्या भरवशावर देते.

तुझी,
थोरली

ता. क. 'मला काही नको' हे आपलं लिहायची रीत म्हणून लिहिलं. बाईंना मी कालच सांगून टाकलं आहे की बाग घेते, पण एकटी नाही. दुसरी माझी जाऊ. तिने जन्मात माझं एक ऐकलं नाही. मी डाळ म्हटलं की ही भात म्हणणार, आणि तरी आमच्या घरात कुणी उपाशी निजलं नाही. बाईंनी विचारलं, "त्या येतील का?" मी म्हटलं, तिला अजून विचारलेलं नाही. तुला विचारून मी कधी काय केलंय?

आणखी ता. क. खोलीत दुसरी खाट घातली आहे. खिडकीजवळची माझी, त्यावर डोळा ठेवू नकोस. आणि आठवण येते म्हणून बोलावते आहे, असं काही सुनेला सांगत बसू नकोस. तसं काही नाही.

शेवटचं. 'जमणार नाही' असं पत्र पाठवलंस तर मी ते फोडणार नाही. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण.