शेंबडीचा नंबर

२ जून
आले एकदाची. दादाचं घर झकास आहे. मला पूर्वेची खोली मिळाली, वहिनींनी उशांना नवे अभ्रे घातलेत, आणि सकाळचा चहा न मागता दाराशी येतो. दादा जाऊन वर्ष होत आलं. त्याने मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीच्या शेवटच्या भागाचं एकच प्रकरण राहिलंय, आणि प्रकाशकांना ते माझ्याकडून हवंय. वन्सं, ती गोष्ट तुमच्याइतकी कोण जगलंय, असं वहिनी म्हणाल्या. खरंच आहे. गोष्टीतली शेंबडी म्हणजे मीच.

४ जून
आधीचे भाग पुन्हा वाचले. भाऊ आणि बहीण. बाबांच्या कपाटात शिरलं की जुन्या काळात जाता येतं. लाल लोकरीचं एक टोक आत जाणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं बाहेरच्याच्या हातात. तीन झटके आले की ओढायचं. बाहेरच्याने लोकर सोडली, तर आतला कायमचा आत.
हा खेळ आम्ही खरोखर खेळायचो. आत दरवेळी दादा, बाहेर दरवेळी मी. तुझा नंबर उद्या, म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही. पुस्तकात त्याने राजे पाहिले, जादूगार हरवले, आणि मी दाराशी नाक पुसत बसले. टेलिफोन खात्यात मी भल्याभल्यांना सरळ केलं. पण निरोप समारंभात साहेबांच्या नातीने विचारलं काय, तर शेंबडी ती तुम्हीच ना. क्षमा करा, असं कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या. त्यांना भाऊ नसावा.
ते कपाट इथेच आहे. माझ्याच खोलीत, बाबांच्या कोटांसकट.

७ जून
प्रकरण झालं, एका बैठकीत. भाऊ शेवटच्या सफरीला आत जातो, तीन झटके देतो. शेंबडी लोकर सोडते, हात झटकते आणि जेवायला जाते. समाप्त.
वहिनींनी वाचलं, चष्मा पुसला. त्याला परत नाही का आणता येणार, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी पुन्हा तेच. प्रकाशक मात्र खूश. मुलं रडली की पुस्तक खपतं म्हणे. दुपारी छान झोप लागली.

१० जून
कपाटाच्या दाराखालून लाल लोकर बाहेर आलीय. उंदरांचं काम असेल म्हणून सुताराला बोलावलं. त्याने कोट बाजूला सारून लोकर ओढली. येईना. आजी, पलीकडून कुणीतरी धरलंय, म्हणाला. मी म्हटलं, उंदीर तालीम करत असेल. हसला नाही. हत्यारं गोळा करून निघून गेला, मजुरीही न मागता.

११ जून
झटके. तीन. थांबून पुन्हा तीन.
ओढणार नाही. बस म्हणावं खेचत.
वहिनींनी ओढून पाहिलं, त्यांना दाद देत नाही. वन्सं, तुमच्याच हाताला येईल तो, म्हणाल्या. पदर पसरला माझ्यापुढे. निदान शेवट तरी बदला, म्हणाल्या. मी म्हटलं, छापायला गेलंय.

१३ जून
कात्रीने कापली. सकाळी पुन्हा होती तेवढीच —
आता आवाजही. दादाचा, पण आवाज फुटण्याआधीचा. शेंबडे, इथे थंडी आहे.
खुशाल कुडकुड.
माझ्याच मनगटावर लोकरीचा वळ —

१४ जून
आज म्हणाला, ये, आज तुझा नंबर.
साठ वर्षं.
जाते. कान धरून विचारते त्याला —
वहिनी म्हणाल्या, निर्धास्त जा, लोकर मी धरते. गोड बोलल्या. रडणं थांबलंय त्यांचं.

आत
वही मांडीवर. फटीतून थोडा उजेड. कोट एवढे उंच कसे — बांगड्या कोपराच्या वर सरकल्यात, हात एवढासा —
अंगाला घासून कुणीतरी बाहेर गेलं. लहान. धावत.
तीन झटके दिले. पुन्हा दिले —
बाहेर वहिनी कुणाला तरी विचारतायत, हात धुतलेस का.
मग दाराला तोंड लावून, हळूच, मला. वन्सं, आम्ही जेवायला बसतो.
लोकर सैल