पाय थांबवायचे नाहीत

४ मार्च
लेकीकडे राहायला आले. निवृत्त बाईला लोक अडगळीत टाकतात. हिने खिडकीची खोली दिली, उशाशी दिवाही ठेवला. जीव सुखावला. शेजारच्या खोलीत तिची सायकल, जुनी घेतलेली, आधीच्या मालकिणीच्या बुटांसकट. मागचं चाक काढून यंत्रावर जखडलीय. घाम गाळायचा आणि पोहोचायचं कुठेच नाही! पडद्यावर आकडा दिसतो: पायांचा जोर किती वॅट. आकडा ठरवतो कोच, तोही पडद्यातूनच बोलतो. मला म्हणाला, आई, तुम्हीही बसा. म्हटलं, मी तुझी आई नव्हे.

९ मार्च
लेकीने समजावलं: वॅट ठरलेले असतात. पाय मंदावले की यंत्र पायडल जड करतं, म्हणजे आकडा ढळत नाही. दमलेल्याच्या पाठीवर आणखी ओझं! हे कुठलं शास्त्र? आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण घंटा झाली की सोडायच्या.
आजही ती जेवायला सायकलवरून उतरली नाही.

१५ मार्च
पोरीच्या फासळ्या दिसायला लागल्या. कोच मात्र खूश: वजन घटलं, किलोमागे वॅट वाढले! मी खडसावून विचारलं, ही उतरणार कधी? म्हणाला, हिच्या जागी कुणी बसलं की. आणि थांबली तर? हसला. म्हणाला, आधीची मालकीण थांबली होती की.
लेकीने कोपऱ्यातल्या त्या बुटांकडे पाहिलं. पाय थांबवले नाहीत.

१८ मार्च
प्लग उपटला. पंखा थांबला. पडदा विझला नाही. पायडल फिरतच राहिलं, तिच्या पायांना घेऊन. ती हळूच म्हणाली की आई, थांबलेल्याला ते आत ओढतं. तिची पोटरी यंत्राकडे ताणली जात होती, कातडीसकट— लिहवत नाही.

१९ मार्च
तिला ढकललं, मीच बसले. वही हँडलपुढच्या टेबलावर. लेक जमिनीवरच झोपलीय, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. कोचने माझं वयसुद्धा विचारलं नाही. मेला कुठला!

२० मार्च
लेक जेवली. ताट पुसून खाल्लं.
गुडघे— जड. आणखी जड. आकडा तोच—

२१
घंटा का होत नाही—

लेक दारात. बूट चढवलेत. म्हणते, आई, ऊठ, आता मी बसते.
मागे हो, कार्टे. कोण दमलंय? मी अजून—