बेकरीवाल्या मावशींचा श्वास

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात तुला आणि आईला इथून भरभरून सलाम. मी मजेत आहे, खोकलाही गेल्यातच जमा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या चर्चच्या गायन मंडळात मला घेतलंय. हसू नकोस! शेजारी बेकरीवाल्या मावशी उभ्या असतात. त्यांना दमा आहे आणि सूर माझ्याहून वाकडा. मनात म्हटलं, चला, आपल्याहून बेसूर कुणीतरी भेटलं!

गेल्या रविवारी त्या तापाने आल्या नाहीत, तर गीताचा पार विचका झाला. प्रत्येकाची सुरुवात वेगळी. तेव्हा कळलं, प्रत्येक ओळीआधी मावशी मोठ्याने श्वास घेतात आणि त्यावरच सगळे एकदम गायला लागतात, गोड गळ्याचेसुद्धा! संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, मला नुसता दम लागतो!"

ताई, आपल्या चर्चमध्ये प्रत्येक ओळीआधी तू मला कोपर मारायचीस. सगळे "ताईसारखं गा" म्हणायचे, म्हणून वाटायचं, तूही माझ्या चुकाच काढतेस. तू मला सोबत घेत होतीस ना?

अजून गीत सुरू होताना मी तुझ्या कोपराची वाट बघते.

तुझीच बेसूर,
धाकटी