पत्ता क्रमांक तीन

४ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

आज माझा अपमान झाला. तारीख मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात माझं नवं डिझेल इंजिन पहिल्यांदाच रुळांवर ठेवलं. वीतभर लांब, पितळी बॉडी, आत डिजिटल साउंड. सुरू केलं. तेवढ्यात कवळी म्हणाला की मिक्सरमध्ये काही अडकलंय का बघा. कवळी म्हणजे क्लबातला दातांचा डॉक्टर. हे नाव मी ठेवलंय आणि अजून फक्त मलाच माहीत आहे.

सगळ्यांनी दात काढले. त्याचं काही नाही. सासरे हसले, ते लागलं. चौतीस वर्षं खरं डिझेल इंजिन चालवलेला माणूस. वर कवळीच्या इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावली आणि म्हणाले की हं, हे जवळपास आहे.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याही गोष्टीला सासरे अजून 'जवळपास'सुद्धा म्हणालेले नाहीत.

२२ नोव्हेंबरला क्लबचं प्रदर्शन आहे. त्या दिवशी कवळीचे दात त्याच्याच घशात घालणार.

५ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

संकल्प. रोज एक तास इंजिन. कवळीशी अबोला. राग नाही, फक्त सूड.

दुपारी ऑफिसात कवळी आठवला. दातओठ खात डबा संपवला. काय होतं डब्यात ते आठवत नाही.

९ ऑक्टोबर

कवळीचा मेसेज. म्हणे स्पीकरला मागून बंद डबी लागते, उघडा ठेवला तर आवाज पत्र्यासारखा येतो. फुकटचा सल्ला! शत्रूचं ऐकणार नाही. एकाऐवजी दोन स्पीकर बसवले.

१० ऑक्टोबर

बायको म्हणाली की आता दोन मिक्सर लागल्यासारखे वाटतात. तिचा कल माहेराकडे, म्हणून दुर्लक्ष केलं.

१२ ऑक्टोबर

बायकोच्या गोळ्यांची रिकामी डबी कापून स्पीकरच्या मागे चिकटवली. आवाज एकदम भरदार! ही कल्पना मला स्वतंत्रपणे सुचली.

१८ ऑक्टोबर, रविवार

डिटेलिंगच्या, म्हणजे बारीकसारीक तपशिलांच्या, संशोधनासाठी सासऱ्यांकडे. मला वायपरची नेमकी लांबी हवी होती. ते तासभर त्यांच्या ४१८ नंबरच्या इंजिनाचंच सांगत बसले. ड्रायव्हरच्या दाराखाली पोचा होता, तो म्हणे शेवटपर्यंत कुणी काढला नाही. हॉर्न घोगरा, सर्दी झाल्यासारखा. मी दोनदा विषय वायपरवर आणला, ते दोनदा पोच्यावर गेले. वय झालं की असं होतं. नव्याकोऱ्या इंजिनाला कोण पोचा पाडेल?

निघताना कळलं की बुधवारी कवळी बसवायला ते कवळीकडेच जाणार आहेत. सख्खा सासरा शत्रूच्या खुर्चीत!

२५ ऑक्टोबर

टूथब्रशचे केस कापून वायपर केले. अप्रतिम. चढताना धरायच्या दांड्या, म्हणजे बारीक तारेचे बावीस हँडरेल, पैकी एकोणीस बसले. उरलेले तीन मागच्या बाजूचे आहेत, तिकडे कोण बघतंय? एक अंगठ्याला चिकटलाय.

डावी दाढ ठणकतेय. बायको म्हणते की रोज इतके दातओठ खाल्ल्यावर दुसरं काय होणार, डॉक्टरांना दाखवा. कुठल्या डॉक्टरांना, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. लवंग धरली.

१ नोव्हेंबर, रविवार

देव आहे.

क्लबचे सेक्रेटरी बोलता बोलता म्हणाले की डॉक्टर इतके आळशी, इंजिनाचा पत्ता अजून तीनच आहे. म्हणजे काय, ते इथे नीट मांडतो, कारण सगळा सूड त्यावर आहे. प्रत्येक इंजिनाच्या डिकोडरला, म्हणजे आतल्या हुकूम ऐकणाऱ्या चिपला, एक नंबर असतो, तो त्याचा पत्ता. कंट्रोलरवर ज्या नंबराला हुकूम सोडाल, ते इंजिन ऐकतं. कारखान्यातून प्रत्येक डिकोडर तीन हाच नंबर घेऊन येतो. शहाणा माणूस पहिल्याच दिवशी तो बदलतो. माझा ५७.

योजना अशी. प्रदर्शनात कवळीची पाळी आली की मी माझ्या कंट्रोलरवर गुपचूप तीन नंबर लावणार. त्याचं इंजिन सासऱ्यांसमोर ऐटीत निघेल, आणि मी हॉर्न दाबणार. सोडणारच नाही. वर फुल स्पीड. कवळीला दरदरून घाम. मग शांतपणे माझं इंजिन.

सबंध संध्याकाळ इतका आनंदात होतो की दाढही विसरलो.

१५ नोव्हेंबर

दाढ आठवली. सूप.

२२ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

ऐनवेळी माझ्या इंजिनाचा हॉर्न बंद! पुस्तिकेत लिहिलंय की काही बिघडलं तर रिसेट करा. केलं. सगळं कारखान्यातून आल्यासारखं होतं म्हणे. उत्तम. तपासायला वेळ नाही, बायको खाली रिक्षात बसलीय. आज इतिहास घडणार.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

घडला.

कवळीची पाळी. माझं इंजिन शेजारच्या रुळावर तयार उभं. सासरे टेबलाच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेले. कवळीने इंजिन सुरू केलं, हॉर्न दिला. घोगरा. सर्दी झाल्यासारखा. ड्रायव्हरच्या दाराखाली पोचा. सासरे उठून उभे राहिले, चष्मा काढला आणि म्हणाले की हेच. हेच माझं. त्यांचे डोळे भरून आले.

मलाही रडू आलं, रागाने. तो पोचा त्यांनी मला आधी सांगितला होता. तासभर सांगितला होता!

तीन नंबर लावला. हॉर्न दाबला. दणक्यात वाजला. फुल स्पीड दिला. कवळीचं इंजिन मात्र आपलं डुलत डुलत चाललेलं. मला वाटलं, बटण नीट लागलं नाही. आणखी जोरात दाबलं. मग बायकोने कोपराने ढोसलं.

बोंबलत सुटलं होतं ते माझं इंजिन. रिसेटने त्याचा पत्ता पुन्हा तीन झाला होता. आणि कवळीने स्वतःच्या इंजिनाचा पत्ता कालच बदलला होता. ४१८.

टेबल संपलं तरी माझं इंजिन थांबलं नाही. खुर्चीच्या हातावर आपटून सासऱ्यांच्या मांडीत पडलं. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं की याला ब्रेक नाहीत का, जावईबापू?

इंजिन त्यांच्याच मांडीवर सोडून घरी आलो.

२४ नोव्हेंबर, दुपारी ३

अर्धा गाल बधिर आहे, त्यामुळे थोडक्यात.

सकाळी दाढ असह्य झाली. बायकोने हाताला धरून कवळीकडे नेलं. तिथे खिडकीत माझं इंजिन. सासऱ्यांनी काल आणून दिलं म्हणे. कवळीने त्याच्या चिमट्यांनी सगळे हँडरेल बसवले होते. बावीसच्या बावीस, मागचे तीनसुद्धा. आपटून पडलेला पोचा मात्र तसाच ठेवला होता. का, असं विचारल्यावर म्हणाला की तुमच्या सासऱ्यांनीच काढू दिला नाही. पोच्यावरून बोट फिरवून म्हणाले की हं, आता जवळपास आहे.

जवळपास! छाती भरून आली. खुर्चीत आडवा झालो, तोंड उघडलं. मग कवळी म्हणाला की फक्त पोचा चुकीच्या बाजूला पडलाय.

आणि त्याने ड्रिल सुरू केलं. आवाज हुबेहूब मिक्सरसारखा. मिक्सरमध्ये काही अडकलंय का बघा, हे एक वाक्य त्याला परत करायला सात आठवडे जगलो होतो. पण तोंडात त्याची दोन बोटं होती.