नावाची वीस घरे

प्रिय धाकट्या,

अकरा वर्षांच्या मौनव्रताची सांगता मी होऊन करीत आहे, यावरून माझे औदार्य सिद्ध होते असे समजू नकोस. पत्र वाचून झाल्यावर समजणारही नाहीस.

प्रथम वार्ता. ज्याच्या बळावर मी घरीदारी विद्वान म्हणून मिरवलो, तो रुग्णालयातील माझा कोबोल या संगणकभाषेतला महाग्रंथ, म्हणजे रुग्णनोंदींचा प्रोग्राम, सोमवारी सेवानिवृत्त होत आहे. जुन्या नोंदी तपासून नव्या प्रणालीत नेण्याचे पुण्यकर्म माझ्याच गळ्यात पडले. या प्राचीन भाषेचा स्वभाव आपल्या आत्यासारखा: नेमून दिली तेवढीच जागा. रुग्णाच्या नावासाठी मी वीस अक्षरांची वीस घरे आखली होती. नाव तोकडे असले तर उरलेली घरे रिकामी राहतात. लांब असले तर शेपूट छाटले जाते, आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. क्रमही माझाच: आधी आडनाव, मग वडिलांचे नाव, अंती स्वतःचे. ओळख पटवायची ती एवढ्यावरूनच. नोंदणीच्या बाईंनी विचारले होते, लांब नावांचे काय? लांब नावाची माणसे सहसा आजारी पडत नाहीत, असे शास्त्रवचन मी सुनावले. सगळे हसले.

आपले आडनाव ऐसपैस, त्यात बाबांचे नाव भारदस्त. वीस घरे तेवढ्यातच भरली. तू आणि मी दोघेही दाराबाहेर.

बाबांना मूत्रपिंड देण्यासाठी आपण एकाच सकाळी रक्त तपासायला दिले. तू आधी, बाही सावरत, जणू बक्षीस घ्यायला निघालास. मी मागून, सुईकडे न पाहता. दोघांचेही अहवाल आले: जुळत नाही. माझे न जुळणे मी दैवाच्या माथी मारले, तुझे मात्र तुझ्या. तुझे लग्न तोंडावर होते ना! बाबा गेले त्या आठवड्यात, भरल्या घरात, मी म्हणालो, "स्वतःचंच रक्त दिलं होतंस, की मित्राचं?" तू चपला घातल्यास आणि निघून गेलास.

काल आपली नोंद समोर आली. दोन भाऊ, यंत्राच्या लेखी इसम एकच. तुझ्या निकालावर माझा निकाल येऊन बसला आणि त्याच्याच दोन प्रती निघाल्या. तळघरात प्रयोगशाळेची हस्तलिखित वही सापडली. तीत तुझे नाव पूर्ण आहे. पुढे लिहिले आहे: जुळते.

हे तुला कळवूच नये, बाबा काही परत यायचे नाहीत, असा सुज्ञ विचार मनात आला होता. तो मला फारच सोयीचा होता, म्हणून लिहायला बसलो. तू देऊ शकत होतास आणि द्यायला उभा होतास. आड आलो तो मी. आळ घेतला तो तुझ्यावर. त्या पानाची प्रत सोबत आहे. तुझ्या बायकोला दाखव. माझे ते वाक्य लग्नाआधीच तिच्या कानावर गेले होते.

तुझाच, हा शब्द लिहिण्याचा अधिकार उरला असल्यास,
थोरला