भोवरा कुठे ठेवायचा

३ नोव्हें., सोम.
पुन्हा तडे. अकरांतल्या सात मडक्यांना. बुडाला तीच वाकडी रेघ, इंग्रजी एस काढल्यासारखी. माझी तडकली तर नवल नाही. कारखान्यातून निवृत्त होऊन चाकावर बसायला लागले त्याला जेमतेम सहा महिने. पण मला शिकवणाऱ्या नामदेवकाकांचीही? चाळीस वर्षं चाक फिरवलेला माणूस! काका मडकं उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसले.
"हात गेला माझा, बाई."

५ नोव्हें.
माती पुन्हा चाळली, वाळू वाढवली, सावलीत वाळवलं. काही उपयोग नाही. काका म्हणतात, चाक विकून टाकू. जेवलेसुद्धा नाहीत. गंगूकाकी असत्या तर... त्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने लेकीकडे, मुरब्याला. माती जन्मभर त्यांनीच मळली. हल्ली आम्ही दोघं मळतो.
दोन महिने. आणि तडेही तेव्हापासूनच!!

९ नोव्हें., रवि.
काकांच्या सरावलीहून थेट मुरबे. पिशवीत एक तडकलेलं मडकं, ओल्या फडक्यात मळलेला गोळा. काकी ओट्यावर, पाय लांब करून. मडक्याकडे पाहिलंच नाही. गोळा हातात घेतला.
"ह्यो चाकावर कसा ठेवता तुमी?"
ठेवून दाखवला. खो खो हसल्या. लेक आतून धावत आली, काय झालं म्हणून.
मळताना माती गोल वळत जाते, शंखासारखी. एका टोकाला भोवरा पडतो, डोक्यावर असतो तसा. आम्ही गोळा आडवा टाकत होतो. "भवरा चाकाच्या मदोमद बसला पायजे. माती चाकासंगं फिरते मग. आडवी पडली का आतल्या आत झगडते. आनि बूड अंगठ्यानं दाबायचं, पानी साचू द्याचं नाय."
"काकांना कधी सांगितलंत हे?"
"त्यांनी कदी इचारलं नाय. मी गोळा जसा देयाची, तसाच ते ठेवायचे."
चाळीस वर्षं!

१० नोव्हें.
काकांना सांगितलं. आधी कान लाल. मग, "म्हंजे माझा हात चांगला हाय?" असं लहान मुलासारखं विचारलं. मळायला बसलो. भोवरा खाली, मधोमध. बारा मडकी. काका गुणगुणत होते, बेसूर.

१८ नोव्हें.
वाळली. बारा बुडं पालथी करून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. एकही रेघ नाही!! काकांनी मुरब्याला फोन लावला आणि लगेच माझ्या हातात कोंबला. भट्टी अजून लावायची आहे, पण जिलबी आजच खाल्ली.

२३ नोव्हें., रवि.
काकी घरी आल्या. काकांनी चाक ओट्यावर चढवून ठेवलेलं, समोर खुर्ची. काकींना मांडी घालता येत नाही ना.
"बस."
"मी? चाकावर? येडे झाले काय?"
बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. माती काकांनी मळून दिली.
"अवो, आडवा दिला तुमी!" काकांनी घाईघाईने वळवला.
मडकं एका अंगाला कललं, ओठ जाड. काकी कोपरापर्यंत चिखलात, हसून हसून डोळ्यांत पाणी. चाकावरून दोऱ्याने कापून सावलीत वाळत ठेवलंय. तडा गेला तर दोष कुणाचा, मळणाऱ्याचा की घडवणारीचा, यावर दोघं अजून भांडतायत. माझी बोईसरला घरी जायची बस गेली. जाऊ दे.